चाकांच्या वाटेवरची पैज

आमच्या आईशी पैज लावू नये. हरली तरी जिंकल्याच्या थाटात वावरते, आणि जिंकली तर मग विचारूच नका. हे चांगलं ठाऊक असूनही त्या शनिवारी मी पैज घेतली, कारण माझं डोकं फिरलं होतं. ते लवकरच फिरतं. बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावायचं काम आहे माझं. दिवसभर कुणाची तरी गाडी उशिरा सुटते आणि खापर माझ्या डोक्यावर फुटतं. संध्याकाळी आईच्या घरी पोचेपर्यंत अंगातली सगळी सोशिकता संपलेली असते.

भांडण दादावरून होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मल्यापासून त्याचे पाय कामाचे नाहीत. उजवा हात छातीशी दुमडलेला तो दुमडलेलाच. डाव्या हाताने चमचा तोंडापर्यंत जातो, तोही वाटेत निम्मा सांडत. डोकं मात्र आम्हा तिघांत त्याचंच सगळ्यात ताळ्यावर. बोलतो सावकाश, एकेक शब्द विहिरीतून पाणी काढल्यासारखा ओढत, पण बोलला की समोरच्याची बोलती बंद. मला तो डेपोबाई म्हणतो.

आता तो पन्नाशीला आला, अंगानेही चांगला भरला. त्याला उचलणं, न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं हे सगळं आई एकटी करायची. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई पंचाहत्तरीची, डावा खांदा पार कामातून गेलेला, तरी कुणी मदतीला पुढे झालं की फटकारायची, "राहू दे, त्याला कसं धरायचं ते तुला नाही कळणार." मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, हे ती माझ्या जन्मापासून ऐकवत आली होती.

शहराबाहेर अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था होती. मी स्वतः जाऊन पाहून आले होते. खोल्या स्वच्छ, खिडक्या मोठ्या, माणसं हसतमुख. तिथे दादासाठी मी नाव घालून ठेवलं होतं आणि आता एक जागा रिकामी झाली होती. ती कशी रिकामी झाली याचा विचार मी करत नव्हते. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं.

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही," आई म्हणाली.

"आणि नंतर काय? तोच तर प्रश्न आहे," मी म्हणाले.

असं तोंडावर बोलू नये हे मला कळतं. बोलून झाल्यावर कळतं.

"मी इथेच बसलोय बरं का," दादा म्हणाला. "कपाट नाहीये मी."

"तू गप रे," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

मग आईने पैज काढली. जवळच्या जंगलात नुकतीच एक वाट तयार झाली होती, खास चाकांच्या खुर्चीवाल्यांसाठी आणि बाबागाड्यांसाठी. दवाखान्यात तिचं चित्र लावलेलं आईने पाहिलं होतं. "उद्या चल," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांदेखत याला घेऊन पूर्ण फेरी मारते. तू खुर्चीला बोट लावायचं नाहीस. मारली फेरी, तर त्या संस्थेचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. नाही जमली, तर ने त्याला. मी हू की चू करणार नाही."

"कबूल," मी म्हणाले.

"आणि मी कुणाच्या बाजूने?" दादाने विचारलं.

"तू वजन आहेस," आई म्हणाली, आणि त्या भांडणातही आम्हा तिघांना हसू फुटलं.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. हवा गार होती. आईने दादाच्या मांडीवर जाड चादर घातली आणि दोन्ही बाजूंनी नीट खोचली. वाटेच्या तोंडाशी रुंद फाटक होतं आणि फाटकापाशी वनखात्याची एक गार्डबाई. ती वाट जणू तिने स्वतःच्या अंगणात केली असावी अशा कौतुकाने सांगत होती. मुरूम ठोकून ठोकून सपाट केलाय. ओल असते तिथे लाकडी फळ्या टाकल्यात. कडेला ठेंगणा कठडा आहे, चाक बाहेर जायला नको म्हणून. दमलं तर थांबायला जागोजागी बाक आहेत, शेजारी खुर्ची उभी राहील एवढी जागा सोडून.

"चढ-उतार आहेत, पण अगदी हलके. चाक आपोआप पळतं बघा, आजी."

"पळण्याचं कौतुक नाही गं बाई. थांबलं पाहिजे," आई म्हणाली आणि तिने खुर्ची आत घातली.

मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. पैजच तशी होती.

सुरुवातीला मला वाटलं, म्हातारी जिंकते. वाट खरोखरच चांगली होती. गुळगुळीत, कोरडी, दोन खुर्च्या शेजारून जातील एवढी रुंद. आई पाय रोवून ढकलत होती आणि तोंडाने माझ्या बालपणापासूनचे माझे गुन्हे दादाला सांगत होती. दादाचं लक्ष नव्हतं. त्याने मान मागे टाकली होती आणि तो वर बघत होता. जंगल त्याने आजवर गाडीच्या काचेतूनच पाहिलं होतं, पळतं, रस्त्याच्या कडेचं. आत कधी कुणी नेलंच नव्हतं, कारण आत न्यायला वाट नव्हती.

"आई, थांब," तो म्हणाला. "तो पक्षी बघू."

आई थांबली. मला कुठलाच पक्षी दिसला नाही.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "थांब. ते खोड बघ कसं फाटलंय." आणखी पुढे, "थांब, वास कसला येतोय?" तिसऱ्या वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला. दरवेळी तो थांबायला सांगायचा तेव्हा आईला धाप लागलेली असायची. तोंड पुढे असलं तरी कान मागे होते त्याचे. तिला दम खाता यावा म्हणून तो जंगल बघत होता. म्हणजे तो तिच्याच बाजूचा होता. मला राग आला. हसूही आलं.

चढ संपला तिथे एक बाक होता. आई त्यावर बसली नाही, टेकली फक्त, आणि एका हाताने डावा खांदा दाबत राहिली. "निम्मी झाली," ती मला म्हणाली. "आता उतारच आहे. कळव सोमवारी तुझ्या त्या लोकांना."

"उतार बाकी आहे," मी म्हणाले.

उतार समोर दिसत होता. हलकाच, पण लांबलचक, आणि खाली वळण. आईने वाकून, चाकांपाशी असलेल्या दांड्या ओढून खुर्चीचे दोन्ही ब्रेक सोडले आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने म्हणाली, "सुटले." आमच्याकडे ब्रेक हा आईचा प्रांत. लावले की "लागले", सोडले की "सुटले". दुसऱ्या कुणी त्या दांड्यांना हात लावायची पद्धतच नव्हती. आणि दादाच्या हातात ती दांडी दाबायचा जोर नाही हे तर घरात सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं.

मग तिने खुर्ची उलटी फिरवली.

हीसुद्धा तिचीच रीत. उतारावर दादाला ती कधी सरळ नेत नाही. स्वतः खालच्या बाजूला उभी राहते, त्याची पाठ स्वतःकडे घेते आणि मागे मागे पाऊल टाकत उतरते. खुर्ची निसटलीच तर आधी तिच्या अंगावर यावी, असा हिशेब. दवाखान्याची उतरण, दुकानाची पायरी, बसची फळी, सगळीकडे असंच. दादाला ती दिसत नाही, म्हणून उतरताना ती पावलागणिक बोलत राहते, "आले, आले, आले." त्या आवाजावर तो निर्धास्त असतो.

"आई, इथे सरळ ने की," मी म्हणाले. "एवढा हलका उतार केलाय त्यांनी. कठडा आहे. उलटं चालायची काही गरज नाही."

"पैज माझी, रीत माझी."

ती उतरू लागली. मी वरून, खुर्चीच्या समोरून चालत होते. त्यामुळे दादाचं तोंड थेट माझ्यासमोर, आणि त्याच्या डोक्यावरून आईचं. ती मान वळवून मागे बघायची, पुन्हा पुढे बघायची. दादाला आई दिसत नव्हती. त्याला मी दिसत होते.

"आले, आले."

प्रत्येक पावलाआधी ती टाचेने जमीन चाचपत होती.

"आले, आले." आणि मग काहीच नाही.

तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ घट्ट मिटलेले. खुर्ची सरकत होती आणि ती तिच्या वजनाने मागे ढकलली जात होती. उतरवत नव्हती, नुसती तग धरून होती. एक पाऊल, दुसरं पाऊल, आवाज नाही. दादाचे डोळे माझ्यावर रोखले गेले. काय झालं, असं तो न बोलता विचारत होता, आणि मला तोंडावर काहीही आणता येईना. मी खिशातून हात काढले.

"खिशात!" आई खेकसली. आणि मग बारीक, फाटक्या आवाजात, "आले... आले."

तेव्हा मी दादाचा डावा हात पाहिला. तो चादरीखाली गेला, हळूहळू, चमचा तोंडाकडे नेताना जातो तसाच वाकडातिकडा होत. चादर चाकाच्या बाजूला जराशी उचलली गेली. दादाने दात आवळले. आणि खुर्ची जागच्या जागी अडली.

आईने ओढलं. उजवं चाक सरकलं, डावं हललं नाही. खुर्ची तिरकी झाली. तिने ती कशीबशी सरळ केली आणि पुन्हा ओढलं. पुन्हा तिरकी. "डावीकडेच अडतंय," ती पुटपुटली. तिच्या मनात चाक आलं नाही. ब्रेक तिने स्वतः सोडले होते, तोंडाने म्हणून सोडले होते. तिच्या मनात तिचा डावा खांदाच आला.

खालून एक पोरसवदा बाई बाबागाडी ढकलत वर येत होती, एका हाताने, दुसऱ्या हातात फोन. गाडीतलं बाळ झोपलेलं. ती आमच्यापाशी थांबली. "आजी, मी धरू का?"

"नको गं बाई. होतंय माझं," आई म्हणाली आणि त्या परक्या बाईसमोर तिने अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावला. खुर्चीचा मुरमावर करकर आवाज झाला. आईच्या तोंडून कण्हल्यासारखं काहीतरी निघालं. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचा हात चादरीखालीच होता. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेचा अर्थ आंधळ्यालाही कळला असता. बोलू नकोस.

मी बोलले नाही.

आई थांबली. हँडल धरूनच ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "होत नाही गं."

आयुष्यात हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. मला पैज जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी खाली जाऊन हँडल धरलं. आई बाजूला झाली. चादर पुन्हा हलली, आणि खुर्ची माझ्या हातात अलगद सुटली. मी ती सरळ फिरवली आणि पुढे घातली. जराही जोर लागला नाही. ती बाबागाडीवाली आईला म्हणाली, "असू दे हो आजी, वयोमानाने होतंच." आईने मान डोलावली. खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "बघ, तुझ्या हाती कशी निमूट चालते."

ती पुढे चालू लागली, रिकाम्या हातांनी. हातांचं काय करावं तिला कळत नव्हतं. कधी स्वेटरच्या खिशात घालायची, कधी पाठीमागे बांधायची. बरंच अंतर पडल्यावर मी दादाच्या कानाशी वाकले.

"तू ब्रेक लावलास."

"हळू बोल."

"का लावलास? जिंकली असती ती! रडतखडत का होईना, पोचली असती. आणि तुझ्या हाताने दांडी दाबली कशी जाते? कधीपासून?"

तो सावकाश बोलला, नेहमीपेक्षाही सावकाश. "ती अंघोळीला गेली की सराव करायचो. खूप दिवस. नीट जमलं की तिला दाखवणार होतो."

मी खुर्ची ढकलत राहिले.

"मागच्या महिन्यात आम्ही दोघं पडलो," तो म्हणाला. "बाथरूममध्ये. मला उचलताना. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय तिने. ती खाली, मी तिच्या पायांवर. दुपारी शेजारची आली तोवर तसेच. माझं तोंड भिंतीकडे. ती बोलत होती सारखी, मी घाबरू नये म्हणून. कसल्या कसल्या गोष्टी सांगत होती. आणि मधेच बंद झाली."

वाटेवर फळ्या सुरू झाल्या. चाकांचा खडखड आवाज होऊ लागला म्हणून तो थांबला. फळ्या संपल्यावर पुढे बोलला.

"मला मान वळवता येईना. मी हाका मारत होतो. मला वाटलं गेली. माझ्या वजनाखाली गेली. खूप वेळाने पुन्हा बोलली. आज त्या उतारावर तसंच झालं. सकाळी मी तिच्या बाजूने होतो, डेपोबाई. देवाशप्पथ."

"आपण तिला खरं सांगू. पैज मोडू. घरी कुणीतरी मदतीला ठेवू."

"मदतीला ठेवलेल्या किती बाया पळवून लावल्या तिने? शेवटी उचलते तीच." त्याने श्वास घेतला. "मला तिथे जायचं नाहीये. तिथला माणूस माझ्या शर्टाची बटणं लावताना माझ्याशी बोलणार नाही, रेडिओ ऐकेल. पण हे फक्त तुला माहीत असू दे. तिला कळलं ना की ब्रेक मी लावला, तर ती परत मला उचलेल. मरेपर्यंत उचलेल."

फाटकापाशी आई गार्डबाईशी बोलत उभी होती. वाट फार छान केलीय, माझ्यासारखीला जमत नाही तो वाटेचा दोष नाही, असं काहीतरी. आम्ही पोचलो तशी ती एकदम माझ्याकडे वळली. तिच्या गालांवर जरा रंग आला होता.

"अजून एकदा," ती म्हणाली. "मघाशी मी दमले होते. नुसता तो उतार. एकदाच."

मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा बोलला, आणि या वेळी अजिबात न अडखळता बोलला.

"मला नको. मला तुझ्या हातात भीती वाटते."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग ती खाली वाकली, त्याची चादर दोन्ही बाजूंनी नीट खोचली आणि म्हणाली, "बरं." गाडीत ती पुढे बसली. एरवी ती मागे, दादाला धरून बसायची.

सोमवारी मी हो कळवलं. ठरल्याप्रमाणे आईने हू की चू केलं नाही. तिने त्याचे शर्ट धुऊन इस्त्री केले, संस्थेतल्या लोकांना त्याला कसं धरायचं ते दोनदा करून दाखवलं, आणि घरी येऊन त्याच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली. मी रोज संध्याकाळी आईकडे जायचे. ती जेवलेली असायची किंवा नसायची. मी चिडायचे, ओरडायचे, भांडी आपटायचे. पूर्वी ती उलट बोलायची. आता म्हणायची, "तुझं बरोबर आहे." एवढ्याने मी गार व्हायचे.

पहिले काही आठवडे तिने दादाला भेटायला यायला नकार दिला. तो मला बघून घाबरेल, म्हणाली. शेवटी एका रविवारी मी जवळजवळ ओढतच तिला घेऊन गेले.

दादा खिडकीपाशी होता. बारीक झाला होता. दाढी कुणीतरी घाईत केलेली, हनुवटीखाली कापलेलं. आईने लगेच रुमाल काढला, मग विचारावं का, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं, आणि रुमाल परत ठेवला.

तेवढ्यात तिथला मदतनीस आला, गलेलठ्ठ, हसरा. "आजी, तुम्हाला एक गंमत दाखवायचीय!" तो खुर्चीशेजारी उकिडवा बसला. "दाखव रे. दाखव आईला."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मदतनीसाने त्याचा डावा हात उचलून ब्रेकच्या दांडीवर ठेवला. "मागच्या आठवड्यात मी बघितलं, हा दांडीशी चाळा करत होता. म्हटलं, याच्यात दम आहे. शिकवला चार दिवस. हं, लाव."

दादाने दांडी दाबली. लागला. त्याने ती उलटी ओढली. सुटला.

आईच्या हातातली पिशवी खाली पडली. ती पुढे झाली आणि तिने त्याची ती वाकडी बोटं दोन्ही हातांत धरली. तिचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं आता सगळं ठीक होईल. मग ती माझ्याकडे वळली.

"बघितलंस? इथे आला आणि शिकला. आणि मी जन्मभर म्हणत बसले, याला जमणार नाही, याला जमणार नाही. मीच याला काही करू दिलं नाही गं. मीच अडवून ठेवलं."

दादाचं तोंड उघडलं. त्याला शब्द काढायला वेळ लागतो. पहिलं अक्षर अजून ओठांवर यायचं होतं, तोवर आई मदतनीसाकडे वळलीही होती. त्याचे हात धरून ती सांगत होती, "तुमचे फार उपकार झाले. मी त्याला फार आधी आणायला हवं होतं तुमच्याकडे."

दादाने तोंड मिटलं.

"पुन्हा दाखव ना रे," आई म्हणाली, डोळे पुसत.

त्याने पुन्हा दाखवलं.